मुलांसाठी जुन्या काळातले कपडे शिवायचे तर कुठून सुरुवात करायची आणि काय आधी, काय नंतर

ऐतिहासिक रीएनॅक्टमेंटसाठी, म्हणजे जुन्या काळातले कपडे घालून तो काळ पुन्हा उभा करायच्या कार्यक्रमांसाठी, मुलांचे कपडे शिवणारे बहुतेक लोक एकाच ठिकाणी फसतात, ते म्हणजे सगळ्यात वरचा, सगळ्यांना दिसणारा कपडा आधी शिवतात. झगा किंवा कोट मस्त होतो, मग आत घालायला काही नाही म्हणून टीशर्ट घालतात, गळ्यातून त्याची रिब दिसते, बाह्या आत गोळा होतात, मूल घामाघूम होतं आणि अर्ध्या तासात कपडे काढून टाकतं. मग लोक म्हणतात मुलं कंटाळतात. मुलं कंटाळत नाहीत, कपडे टोचतात आणि हात वर होत नाहीत म्हणून ती वैतागतात.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आतला कपडा, मग खालचा, मग वरचा, मग डोक्यावरचं. सगळ्यात जास्त वेळ आतल्या कपड्याला द्यायचा आणि या लेखातही सगळ्यात जास्त त्याच्यावरच लिहिलंय, कारण तो नीट जमला की बाकीचं निम्मं काम आपोआप होतं.

१. कात्री हातात घ्यायच्या आधी काळ आणि वय पक्कं करा

"जुन्या काळातलं काहीतरी" असं म्हणून कपडा शिवता येत नाही. शतक ठरवा, जमलं तर दशक ठरवा, आणि मूल कोणाचं दाखवायचंय तेही ठरवा, शेतकऱ्याचं, कारागिराचं की श्रीमंत घरातलं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा शिवत असाल तर साध्या घरातलंच मूल घ्या. कपडा कमी लागतो, जर-लेस लागत नाही आणि चिखलात लोळलं तरी जीव वरखाली होत नाही.

दुसरं म्हणजे मोठ्यांचा कपडा छोटा केला की मुलांचा होतो असं नाही. युरोपातलंच उदाहरण घ्या, तिथे सोळाव्या शतकापासून थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लहान मुलगेसुद्धा झगेच घालायचे, पँट मिळायची ती साधारण चार ते आठ वर्षांच्या दरम्यान कधीतरी. त्यामुळे अठराव्या शतकातल्या तीन वर्षांच्या मुलाला ब्रीचेस, म्हणजे गुडघ्यापर्यंतची पँट, शिवल्या तर ते चूक आहे, झगाच शिवायचा. आणि खरं सांगायचं तर त्या वयाला झगाच सोयीचा, बाथरूमच्या दृष्टीने तर फारच.

काळ ठरला की काय वापरायचं नाही ते लगेच ठरतं. मुलांच्या कपड्यांना झिप लागायला लागली १९३० च्या दशकात, व्हेल्क्रो आली १९५० च्या दशकात, पॉलिएस्टरचा शोधच १९४१ चा. शिलाई मशीन घरोघरी जायला लागलं ते १८५० नंतर, म्हणजे त्याआधीचा काळ दाखवत असाल तर बाहेरून दिसणारी शिवण हाताची हवी. रंगांचंही तसंच, पहिला गाजलेला कृत्रिम रंग १८५६ चा, तेव्हा मध्ययुगातल्या मुलाला झगझगीत गुलाबी किंवा निऑन हिरवा घालू नका.

तपासून घ्या: ज्या कार्यक्रमाला जायचंय त्यांचे कपड्यांचे नियम आधी मागवून घ्या. काही ठिकाणी आतल्या शिवणी मशीनच्या चालतात, काही ठिकाणी अजिबात चालत नाहीत. हे कपडा शिवून झाल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

२. कापड: ओळखा, धुवा, मगच मोजा

आतल्या कपड्याला सुती किंवा लिनन, वरच्याला काळाप्रमाणे लोकर, लिनन किंवा जाडसर सुती. विणलेलं ताणणारं कापड, म्हणजे होजिअरी, अजिबात नको, ते लांबूनच ओळखू येतं.

दुकानात "प्युअर" म्हणून दिलेलं कापड प्युअर असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. सुती आणि लिनन भराभर जळतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर हळू जळते, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा विझते, जळक्या केसांसारखा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटाने चुरता येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो जो चुरता येत नाही.

ही टेस्ट नुसती अस्सलपणासाठी नाही. रीएनॅक्टमेंटमध्ये चूल, शेकोटी, मशाल काही ना काही असतंच आणि पॉलिएस्टर पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून मुलांच्या कपड्यात सिंथेटिक नको, अस्तरातसुद्धा नको. पण सुती म्हणजे सुरक्षित असंही समजू नका, पातळ सुती कापड फार लवकर पेट घेतं. आगीजवळ वावरणाऱ्या मुलाला वरून लोकरीचा थर असलेला बरा, आणि लोंबत्या रुंद बाह्या तर नकोच.

आता धुणं. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, म्हणजे मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर गेले. मुलांच्या कपड्यात एवढ्याने बाही मनगटावरून वर जाते. त्यामुळे कपडा शिवल्यावर तुम्ही ज्या पद्धतीने धुणार आहात त्याच पद्धतीने आधी कापड धुवा, वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा. लोकर असेल तर कोमट पाणी, पिळायचं नाही, सपाट वाळवायची.

३. मापं: उभं राहून आणि बसूनही

मूल उभं असताना मापं घेतो आणि मग ते बसलं की पँट मागून खाली येते, ही अगदी नेहमीची तक्रार. मुलं सारखी खाली बसतात, उकिडवी बसतात, चढतात. म्हणून ही मापं घ्या: छाती, कंबर, सीट, गळ्याचा घेर, डोक्याचा घेर, दंड, मनगट, मानेच्या मागच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत, आणि त्याच हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत, हात किंचित वाकवून. शिवाय मूल सपाट स्टुलावर बसलेलं असताना कंबरेपासून स्टुलापर्यंतचं माप, ते आसनासाठी, म्हणजे पँटच्या दोन पायांमधल्या भागासाठी.

डोक्याचा घेर लोक विसरतातच. बटणं मागे-पुढे नसलेला कपडा डोक्यातून जाणार असतो आणि लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं.

कार्यक्रमाला अजून बरेच महिने असतील तर मापं पुन्हा घ्या. शाळेत जाणारं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या वहीतली मापं आता उपयोगाची नाहीत.

४. आतला सदरा: सगळा चौकोनांचा

आता मुख्य काम. युरोपातला जुना शर्ट किंवा शिफ्ट (बायका-मुलींचा आतला सैल झगा) बघा, त्यात कापड वाया न घालवता चौकोनी आणि त्रिकोणी तुकडे जोडण्याचीच पद्धत दिसते. आपल्या अंगरख्यातही कळ्या (घेरासाठी जोडलेले तिरपे तुकडे) आणि चौबगला (काखेतला छोटा चौकोनी तुकडा) आहेच. आजच्या शर्टासारखा गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापायचा नाही. आजचा पॅटर्न घेऊन वरून लेस लावली तर तो जुना दिसत नाही, खांद्यावर लगेच कळतं.

मी इथे एका मुलाची मापं धरून हिशोब दाखवते, तुम्ही तुमचे आकडे टाका. छाती ६०, दंड १९, मानेच्या हाडापासून मनगट ५३, डोकं ५२, सदऱ्याची लांबी ५५, सगळं सेंटिमीटरमध्ये. शिवणीला सगळीकडे दीड सेंटिमीटर.

अंगाचा तुकडा: छातीत २८ मिळवा, ८८ झाले, त्याचे निम्मे ४४, दोन्हीकडची शिवण धरून रुंदी ४७. लांबी दुप्पट ५५ म्हणजे ११० आणि खाली दुमडायला ६, एकूण ११६. खांद्यावर शिवण नाही, नुसती घडी. २८ ची सैल जास्त वाटेल, वाटू द्या, जुने आतले कपडे ढगळच असायचे आणि मुलांना तेच आवडतं.

बाही: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लोक खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत मोजतात आणि तेवढी बाही कापतात, आणि ती बोटांच्या खाली लोंबते. कारण अंगाचा तुकडाच खांद्याच्या खाली उतरलेला असतो. म्हणून मानेच्या हाडापासूनच्या ५३ मधून अंगाच्या तयार रुंदीचे निम्मे, म्हणजे २२, वजा करा. राहिले ३१, ही तयार बाहीची लांबी. त्यात खांद्याकडची शिवण दीड, मनगटाला दुमड अडीच, आणि वाढीच्या टकसाठी (मूल वाढलं की उसवायची दुमडून शिवलेली घडी) ४, म्हणजे ३९ लांब कापा. रुंदी दंड अधिक १२ म्हणजे ३१, शिवणीसकट ३४.

चौबगला: तयार ९ बाय ९, कापायचा १२ बाय १२, दोन नग. हा छोटा तुकडा टाळायचा मोह होतो, टाळू नका. हा नसेल तर हात वर केला की अख्खा सदरा वर येतो आणि काखेत शिवण उसवते.

११० पन्ह्याचं कापड असेल तर धुतल्यानंतर सव्वा मीटरमध्ये हे सगळं बसतं, म्हणून दीड मीटर घ्या. कापताना अंगाची आणि बाहीची लांबी उभ्या धाग्यावर ठेवा आणि रेषा ओढण्यापेक्षा एक धागा ओढून काढा, त्या रिकाम्या जागेवरून कापलं की कापड बरोबर सरळ कापलं जातं.

आधी मांजरपाटाचा कच्चा सदरा शिवून बघायचा का? चौकोनी सदऱ्याला मला गरज वाटत नाही. वरच्या कपड्याला मात्र हवाच.

५. सदरा शिवण्याचा क्रम

गळा सगळ्यात आधी, अंगाचा तुकडा सपाट असतानाच. बाह्या लावल्यावर गळा करायला गेलं की सगळा गोंधळ हातात येतो. खांद्याच्या घडीवर मध्य काढा, तिथे एक लहान लंबगोल आखा, रुंदी १२, मागे १ आणि पुढे ४, आणि पुढे मधोमध १४ ची उभी चीर. हिशोब असा की लंबगोलाचा घेर साधारण २८ आणि चिरेचे दोन्ही काठ मिळून २८, झाले ५६, डोकं ५२ आहे म्हणजे आरामात जाईल. डोक्याच्या मापापेक्षा चार जास्त असलं पाहिजे.

आता कात्री लावू नका. आधी खालून, म्हणजे कपड्याच्या सुलट बाजूला, एक चौकोनी पट्टी ठेवा, आखलेल्या रेषेवरून बारीक टीप मारा, चिरेच्या टोकाला एक टाका आडवा घ्या, आणि मगच आत कापा. पट्टी आत उलटवून कडा हाताने तुरपून घ्या. आधी कापून मग शिवलं तर गळा ताणला जातो आणि खांद्यावरून घसरायला लागतो.

सावधान: गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही. शंका असेल तर लहानच ठेवा आणि मुलाच्या डोक्यातून घालून बघा.

मग चौबगला. चारही कोपऱ्यांवर शिवणीच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिलने ठिपका काढा. बाहीच्या एका लांब काठाला, खांद्याकडच्या टोकाशी, चौबगल्याची एक बाजू जोडा, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच. बाही दुमडा, दुसऱ्या काठाला चौबगल्याची शेजारची बाजू जोडा, आणि तिथून खाली मनगटापर्यंत बाहीची शिवण घाला. आता बाहीची नळी झाली आणि काखेकडे चौबगल्याचं एक टोक बाहेर आलेलं दिसेल. ठिपक्याच्या पुढे शिवण गेली की कोपऱ्यात चुणी पडते, आणि ती इस्त्रीने जात नाही, उसवावीच लागते.

बाहीचा मध्य खांद्याच्या घडीला टाचा, दोन्हीकडे साडेपंधरा-साडेपंधरा खाली या, पुढे चौबगल्याच्या उरलेल्या दोन बाजू अंगाच्या पुढच्या आणि मागच्या काठाला. शेवटी चौबगल्याच्या टोकापासून खाली बाजूची शिवण, पण खालचे १२ सेंटिमीटर मोकळे सोडा, म्हणजे पाऊल टाकता येतं. या मोकळ्या भागाच्या वरच्या टोकाला आडवे तीन-चार टाके मारून ठेवा, मुलं तिथूनच फाडतात.

आतल्या कच्च्या कडा तशाच सोडायच्या नाहीत. एक बाजू अर्धी कापा, दुसरी तिच्यावर दुमडून बसवा आणि तुरपा. कडा अंगाला टोचत नाहीत आणि दहा वेळा धुतलं तरी सुटत नाहीत. हाताने शिवत असाल तर धागा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही. लांब शिवणीला धावदोरा आणि दर चार-पाच टाक्यांनी एक उलटी टीप पुरते, जिथे ताण येतो, म्हणजे काख आणि आसन, तिथे सगळी उलटी टीप.

मनगटाला आणि खाली दुमड घाला. बाहीत ४ सेंटिमीटर जास्त ठेवलेत ते मनगटाच्या वर दोन सेंटिमीटर खोल टक घालून आत घ्या, टक दुहेरी असतो म्हणून दोनाचे चार होतात. हा टक मोठ्या टाक्यांनी, हाताने. पुढच्या वर्षी उसवायचाय.

तपासून घ्या: सदरा घालून मुलाला दोन्ही हात वर करायला, खाली बसायला आणि स्वतःच्या पाठीला हात लावायला सांगा. खाली ओढलं जात असेल तर आत्ताच दुरुस्त करा, वरचा कपडा आला की जमणार नाही.

६. खालचा कपडा

पँट, ब्रीचेस, सलवार, काहीही असो, बसलेल्या मापात चार-पाच सेंटिमीटर मिळवूनच आसन कापा आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच ठेवा. दोन पायांच्या मधे चौकोनी तुकडा घालता आला तर घाला, काम तेच जे काखेत चौबगल्याचं.

कंबरेला इलॅस्टिक चालतं का? आत लपलं तर कोणाला दिसत नाही हे खरं, पण माझा कल नेफा आणि नाडीकडे, कारण जेवल्यावर सैल करता येते आणि दोन वर्षं तोच कपडा चालतो. नाडी मधोमध मागे एका टाक्याने नेफ्याला पकडून ठेवा म्हणजे ती बाहेर ओढली जात नाही. बटणांची पँट असेल तर मुलाला स्वतःला उघडता येते का ते घरीच बघा. कार्यक्रमात हे कळलं तर उशीर झालेला असतो.

परकर किंवा घागऱ्याला खालून दोन टक घाला, दीड-दीड सेंटिमीटर खोल, मिळून सहा सेंटिमीटर लांबी हाताशी राहते. एकोणिसाव्या शतकातल्या मुलींच्या झग्यांना असे टक बाहेरून दिसतातच, ते नटवायला आणि वाढीला दोन्हीला उपयोगी. तुमच्या काळात टक बसत नसतील तर खाली आठ-दहा सेंटिमीटरची रुंद दुमड ठेवा. लांबी घोट्याच्या वरच, जमिनीला टेकणारा झगा घालून मूल पळालं की पडतंच.

७. वरचा कपडा: मापं सदऱ्यावरून

वरच्या कपड्याची मापं उघड्या अंगावरून घ्यायची नाहीत. मुलाला तयार सदरा आणि खालचा कपडा घालून मगच पुन्हा छाती, दंड, कंबर घ्या. चार-सहा सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यानेच कोट बसत नाही.

इथे मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा कच्चा कपडा कराच. मोठ्या टाक्यांनी शिवा, घालून बघा, खडूने खुणा करा, उसवा आणि तेच तुकडे पॅटर्न म्हणून वापरा. अस्तर घालणार असाल तर अस्तर आधी कापा, त्यावर फिटिंग बघा आणि मग वरचं महाग कापड कापा. बाजूच्या शिवणीत आतून प्रत्येकी तीन सेंटिमीटर जास्त ठेवा, नंतर सोडता येईल.

कपडा बंद कशाने करायचा? काळाप्रमाणे बांधायचे बंद, हुक-आकडा, कापड गुंडाळलेली बटणं किंवा लाकडी बटणं. धातूच्या गोल आयलेट एकोणिसाव्या शतकातल्या, त्याआधीचा कपडा असेल तर टोच्याने धागे बाजूला करून भोक पाडा आणि भोवती दोऱ्याने गुंफा. धागे तोडायचे नाहीत, नुसते सरकवायचे, मग भोक फाटत नाही.

सावधान: सात वर्षांखालच्या मुलांच्या गळ्याशी नाडी किंवा लांब बंद अजिबात ठेवू नका, झाडाला, गाडीला, कशालाही अडकतो. अंगरख्याचे कस (बांधायचे बंद) छातीवर आणि बगलेला ठेवा, तेही आखूड. गळ्याशी हवंच असेल तर एक बटण लावा. झग्यावर शोभेला टाचणी किंवा ब्रोच असेल तर टोक शिवून बंद करा.

८. डोकं, पाय आणि घरातली रंगीत तालीम

टोपी शेवटी करतात आणि घाईत करतात, आणि सगळ्या फोटोंमध्ये तीच दिसते. डोक्याचा घेर अधिक दीड सेंटिमीटर, त्याहून सैल नको, डोळ्यांवर येते. आत सुती पट्टी लावा, लोकर कपाळाला खाजते. बुटांवर फार पैसे घालू नका, साधे चामडी काळे किंवा तपकिरी, पांढरा सोल नसलेले, चालतात. पाय वर्षभरात वाढतात.

कार्यक्रमाच्या एक आठवडा आधी मुलाला सगळं घालून घरात दोन तास राहू द्या, नुसतं उभं करून फोटो काढायचा नाही, जेवू द्या, खेळू द्या, बाथरूमला जाऊ द्या. कुठे लाल वळ उठतोय, कुठे ते सारखं खाजवतंय, कुठलं बटण उघडत नाही ते वहीत लिहून ठेवा आणि तेवढंच दुरुस्त करा. त्या दोन तासांनंतर कपडे एकदा धुवा, कोरा कडकपणा जातो आणि कपडा वापरातला दिसायला लागतो. चहात बुडवून जुना करायचा किंवा चिखल फासायचा खटाटोप नको, डाग डागच दिसतात.

आतून सुती पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहून शिवा. नाव बाहेर कुठेही नको. पिशवीत सुई-दोरा, दोन जास्तीची बटणं, एक सुटा सदरा. सदरा दुसरा असलेला बराच, कारण दिवसभरात तोच ओला होतो, आणि चौकोनी असल्याने दुसरा शिवायला पहिल्यापेक्षा निम्मा वेळ लागतो.

परत आल्यावर कपडे पूर्ण वाळवूनच ठेवा, लोकर असेल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. मापांचा कागद तारखेसकट कपड्यातच गुंडाळा, उरलेली कात्रणंसुद्धा त्यातच, पुढच्या वर्षी टक सोडल्यावर रंगाचा फरक झाकायला पट्टी त्याच कापडाची लागते.